प्लास्टिक पुनर्प्रक्रिया यंत्र आणि विद्यार्थी प्रकल्प : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विद्यार्थ्यांच्या गटाने एखादे यंत्र स्वतः आखून ते प्रत्यक्ष बांधावे, ही पद्धत अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या अभ्यासक्रमात रूढ आहे. २०१० नंतरच्या दशकात अशा प्रकल्पांमध्ये प्लास्टिक कचऱ्यापासून उपयुक्त वस्तू घडविणाऱ्या लहान यंत्राला विशेष स्थान मिळाले. प्रस्तुत लेखात या यंत्राच्या जडणघडणीचा आढावा घेतला आहे. प्लास्टिक वितळविण्याची विद्या जुनीच होती. कोणते प्लास्टिक वितळवावे आणि ते कोणी निवडावे, हाच या प्रकल्पांपुढील कठीण प्रश्न राहिला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

औद्योगिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील जॉन हायॅट व त्यांचे बंधू आयझाया यांनी १८७२ मध्ये सेल्युलॉइड साच्यात दाबून भरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. हे यंत्र दट्ट्यावर चालत असे. १९४६ मध्ये जेम्स हेंड्री यांनी दट्ट्याऐवजी फिरत्या स्क्रूची योजना केली. त्यामुळे वितळलेले द्रव्य चांगले मिसळू लागले. तापलेली नळी आणि तिच्यात फिरणारा स्क्रू ही रचना आजच्या विद्यार्थी प्रकल्पांतही आढळते.

दरम्यान १९३३ मध्ये इंग्लंडमधील आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिथिनचा शोध लागला व पुढे प्लास्टिकचे प्रकार वाढत गेले. उच्च घनतेचे पॉलिथिन सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते, तर पाण्याच्या बाटल्यांच्या पेट प्लास्टिकला सुमारे २५० अंश तापमान लागते. ही दोन्ही द्रव्ये एकत्र वितळविली तरी एकजीव होत नाहीत व तयार वस्तू कमकुवत निघते. पीव्हीसी अधिक तापविल्यास हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो. म्हणूनच वर्गीकरणास निर्णायक महत्त्व आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १ ते ७ हे सांकेतिक क्रमांक प्रचारात आणले, ते याच गरजेतून.

महाविद्यालयीन प्रयोग

२००५ मध्ये इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी रेपरॅप हा खुल्या आराखड्याच्या थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला. अशा प्रिंटरना प्लास्टिकची तार लागते आणि तयार तार कच्च्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी महाग पडते. टाकाऊ प्लास्टिकपासूनच ही तार काढावी, ही कल्पना येथून पुढे आली. २०१२ मध्ये अमेरिकेतील व्हर्माँट टेक्निकल कॉलेजचा विद्यार्थी टायलर मॅक्नेनी याने फिलाबॉट या यंत्रासाठी लोकवर्गणीतून निधी उभारला. उच्च घनतेच्या टाकाऊ पॉलिथिनपासून तार काढणाऱ्या रिसायकलबॉट या यंत्रावरील जोशुआ पिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तारेची जाडी सर्वत्र सारखी राखणे, ही या प्रयोगांतील मोठी अडचण होती. तापमान, स्क्रूचा वेग व थंड होण्याची गती यांपैकी एकात बदल झाला, तरी जाडी बदलते. प्लास्टिकच्या चुऱ्यात माती, ओलावा अथवा अन्य प्रकारचे प्लास्टिक मिसळले असल्यास नियंत्रणाची उत्तम व्यवस्थाही अपुरी पडते.

आराखड्यांचे खुलेपण

२०१३ मध्येच नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील डिझाइन अकादमीचा विद्यार्थी डेव्ह हाकेन्स याने पदवी प्रकल्प म्हणून प्रेशस प्लास्टिक हा यंत्रसंच सादर केला. प्लास्टिकचा चुरा करणे, तार काढणे, साच्यात भरणे आणि दाबून घडविणे अशा चार कामांची ही यंत्रे साध्या, सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता येत होती व त्यांचे आराखडे सर्वांना विनामूल्य खुले होते. २०१६, २०१७ व २०२० मध्ये त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. एरवी तोंडी परीक्षा आटोपताच प्रकल्पाचे यंत्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पडून राहते. आराखडे खुले ठेवल्याने मात्र एका गटाचे काम दुसऱ्या गटाला पुढे नेता आले.

पुण्यातील अनुभव

प्लास्टिक निवडणे, धुणे, त्याचा चुरा करणे आणि तो वितळवून दाणा तयार करणे, ही कामे धारावीतील लहान कारखान्यांत विद्यार्थ्यांच्या या यंत्रांच्या कितीतरी आधीपासून होत आली आहेत. निवडीचे हे ज्ञान कचरावेचक व कारागीर यांच्या हाती आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली व तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या प्रोटोप्रिंट या उपक्रमाने २०१० च्या दशकात ‘स्वच्छ’च्या सहकार्याने टाकाऊ पॉलिथिनपासून प्रिंटरची तार काढण्याचा प्रयोग केला. प्लास्टिक भंगार म्हणून विकण्याऐवजी त्याची तार केल्यास वाढणाऱ्या मूल्याचा वाटा कचरावेचकांना मिळावा, हा त्यामागील उद्देश होता. या प्रयोगात यंत्राच्या आखणीबरोबरच श्रमाच्या मोबदल्याचा विचार झाला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, स्क्रू, नळी व उष्णता यांचे तंत्र उद्योगाने सिद्ध केले होते. विद्यार्थ्यांनी ते लहान, स्वस्त व सर्वांना खुले केले. हे योगदान मोलाचे आहे. तथापि, निवडलेले व स्वच्छ प्लास्टिक हाती येईल असे गृहीत धरून आखलेले यंत्र महाविद्यालयाच्या आवाराबाहेर टिकणे कठीण आहे. अशा प्रकल्पांचे मूल्यमापन करताना यंत्राच्या कार्यक्षमतेबरोबरच कच्चा माल कोण निवडतो, त्याला काय मिळते आणि यंत्र बिघडल्यास ते कोण दुरुस्त करू शकतो, या प्रश्नांनाही गुण असावेत. तसे झाल्यास कचरावेचकांचे ज्ञान अभियांत्रिकी शिक्षणात आपले रास्त स्थान मिळवू शकेल.