हँडब्रेक सैल, आणि मालक गाडीसमोर

मागच्या महिन्यात बाबांची जुनी गाडी सोसायटीच्या उतारावर, हँडब्रेक ओढलेला असताना, सावकाश मागे सरकली. एक कुंडी फुटली, बाकी काही नाही. मेकॅनिकने केबल ताणून दिली, दहा मिनिटांत काम संपलं. मी मात्र सवयीप्रमाणे नको तितकं वाचत बसलो आणि थेट फोर्डच्या मॉडेल टीपर्यंत पोचलो. अमेरिका, १९०८ ते १९२७, दीड कोटी गाड्या. आणि या गाडीचा हँडब्रेक सैल असला की प्रश्न कुंडीचा नसायचा, मालकाच्या हाडांचा असायचा.

कसं ते सांगतो. मॉडेल टीला तीन पेडल. डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. ॲक्सिलरेटर पायाशी नाहीच, तो स्टिअरिंगखाली एक छोटी दांडी. आणि ड्रायव्हरच्या डाव्या हाताला जमिनीतून वर आलेला लिव्हर. तो पुढे ढकलला की टॉप गिअर घेता येतो. उभा ठेवला की न्यूट्रल. पूर्ण मागे ओढला की क्लच सुटलेला, आणि वर मागच्या चाकांचे ब्रेकही लागलेले. एकाच लिव्हरला दोन कामं. आमच्याकडे असा कोड रिव्ह्यूमध्ये परत येतो.

आता गाडी चालू करायची. सुरुवातीची बरीच वर्षं स्टार्टर नव्हता, त्यामुळे खाली उतरून, समोर उभं राहून हँडल मारायचं. म्हणजे बघा, सीटवर कोणी नाही आणि तुम्ही बंपर असायला हवा तिथे वाकलेले. क्लचच्या चकत्या इंजिनच्याच तेलात बुडालेल्या. थंडीत तेल घट्ट झालं की चकत्या एकमेकींना चिकटायच्या. लिव्हर ओढलेला असूनही इंजिन पेटताच गाडी पुढे सरकायची. तुमच्याकडे!

तिला धरणार कोण? मागचे दोन छोटे ड्रम, आणि आत नुसते बिडाचे शू, लायनिंग नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत लोक बाकीच्या चाकांना अडण लावून मागचं एक चाक जॅकवर उचलायचे. गाडीने ओढ घेतलीच तर ते चाक हवेत फिरत राहील, गाडी जागची हलणार नाही. जुगाड हा शब्द तिथे नव्हता, एवढंच.

फोर्डचं मॅन्युअल प्रश्नोत्तरांच्या रूपात होतं. त्यात हाही प्रश्न आहे: हँडल मारताना गाडी पुढे का सरकते? पहिला संशयित एक साधा स्क्रू. लिव्हर मागे ओढला की हा स्क्रू क्लचच्या दांडीला दाबून क्लच सोडवतो. त्याचं टोक झिजलं की क्लच अर्धवट सुटतो. उपाय म्हणजे स्क्रूला आणखी एक फेरा. तपासायची खूणही दिली आहे: लिव्हर ओढताना डावं पेडल पावणेदोन इंच पुढे गेलं पाहिजे.

दुसरा भाग ब्रेकचा. इथे केबल नाही, लोखंडी रॉड. टोकाला आट्यांवर बसवलेली दुतोंडी कडी. पिन काढा, कडी थोडी फिरवा, रॉडची लांबी कमी करा, पिन परत घाला. मग दोन्ही मागची चाकं उचलून हाताने फिरवून बघा. दोन्ही सारखीच अडली पाहिजेत, नाहीतर ऐनवेळी लिव्हर ओढल्यावर गाडी एका बाजूला खेचणार.

ऐनवेळी म्हणजे काय, तर पायाचा ब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरबॉक्समधला ड्रम धरायचा. तिथपासून मागच्या चाकांपर्यंत मध्ये काही तुटलं की पेडल दाबून काही उपयोग नाही. मग हाताशी उरायचा फक्त हा लिव्हर. 'इमर्जन्सी ब्रेक' हे नाव त्या गाडीत शब्दशः खरं होतं. (उतारावर एकदा तरी असं झालेल्या माणसाने स्क्रू तपासायचा कंटाळा केला नसेल.)

कॅडिलॅकने १९१२ मध्येच इलेक्ट्रिक स्टार्टर दिला होता. मॉडेल टीवर तो १९१९ पासून मिळू लागला, तोही उघड्या गाडीवर जादा पैसे भरून. आणि १९२६ च्या मॉडेलला मागे मोठे, लायनिंगवाले ब्रेक आले. पुढच्याच वर्षी गाडी बंद झाली. हँडल मात्र शेवटपर्यंत समोर लटकत होतं.

केबल नवी ताणून घेतली असली तरी बाबा हल्ली मागच्या चाकाखाली वीट ठेवतात. मी काही बोललो नाही.