मुठीला टाकी

पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की वाटण त्यावर नुसतं सरकत राहतं. मग टाकीवाला छिन्नी-हातोडीने त्यावर बारीक खाचा पाडून देतो. आपल्या पिस्तुलाच्या प्लास्टिकच्या मुठीवर सोल्डरिंग आयर्नने ठिपक्यांमागून ठिपके डागत घरी बसलेला अमेरिकन माणूसही तेच करत असतो. तिकडे याला स्टिपलिंग म्हणतात.

गोळी सुटली की पिस्तूल मागे आणि वर उसळतं. हात घामाने ओला असेल तर मूठ तळहातात किंचित फिरते आणि पुढच्या गोळीआधी पकड पुन्हा जुळवावी लागते. हा प्रश्न पिस्तुलाहून जुना आहे. जपानी कारागीर तलवारीच्या मुठीवर रे माशाचं खरखरीत कातडं चढवत आणि वरून रेशमी फीत आवळत. अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या कोल्ट पिस्तुलाला दोन्ही बाजूंनी अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या होत्या. त्यांवर तिरक्या रेघांची जाळी कोरलेली असे. एका पट्टीला दोन स्क्रू. पट्टी झिजली, फुटली किंवा हाताला जमली नाही, तर स्क्रू काढून दुसरी बसवायची. मूळ हत्याराला धक्का लागत नसे.

ही सोय प्लास्टिकने काढून घेतली. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने १९७० मध्येच पॉलिमरचा सांगाडा असलेलं पिस्तूल आणलं होतं, पण जग बदललं ते गॅस्टन ग्लॉक यांच्या पिस्तुलाने. त्यांची कंपनी पडद्याचे रॉड आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवायची. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्यांचं ग्लॉक १७ निवडलं. पुढे अमेरिकेतल्या पोलिसांनीही ग्लॉक मोठ्या प्रमाणावर घेतलं. ते हलकं होतं आणि त्याचा सांगाडा गंजत नव्हता. पण मूठ आणि सांगाडा एकाच साच्यातून एकसंध निघत होते. पंजा मोठा असो की छोटा, मूठ एकच.

कंपनी दर पिढीत मूठ बदलत गेली. १९९८ च्या सुमारास बोटांसाठी खोबणी आल्या. ज्यांची बोटं त्यांत बसेनात, त्यांनी त्या घासून सपाट केल्या. २०१० मध्ये मुठीची पाठ बदलण्याची सोय आली. २०१७ च्या पाचव्या पिढीत खोबणी गेल्याच.

ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांनी आधी स्केटबोर्डची खरखरीत पट्टी चिकटवली. ती घामाने सुटते. डागलेला ठिपका सुटत नाही, पण पुसताही येत नाही. गोळ्यांचं मॅगझिन आत जातं म्हणून मूठ पोकळ असते आणि तिची भिंत पातळ. टोक जास्त वेळ टेकलं की आरपार भोक. म्हणून जाणकार आधी टाकाऊ प्लास्टिकवर हात बसवतात, चिकटपट्टीने हद्द आखून घेतात आणि धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवतात. ठिपके फार टोकदार झाले तर पिस्तूल कमरेला लावल्यावर कातडी सोलतात.

यात पणाला लागतं ते अख्खं पिस्तूल. अमेरिकेच्या कायद्यात सांगाडा म्हणजेच बंदूक, नोंदणी क्रमांक त्याच्यावरच असतो. कोल्टची पट्टी बिघडली तर पट्टी जायची. ग्लॉकची मूठ बिघडली तर कायद्याच्या दृष्टीने बंदूकच बिघडते.

२०१४ मध्ये सिग सावरच्या पी-३२० ने ही गाठ सोडवली. त्यात क्रमांक असतो आतल्या छोट्या धातूच्या जुळणीवर. प्लास्टिकची मूठ हा वेगळा, बदलता येणारा भाग. २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने याच पिस्तुलाची आवृत्ती निवडली. आता मूठ जळली तर दुसरी आणता येते. कोल्टच्या त्या चार स्क्रूंची सोय शंभर वर्षांनी प्लास्टिकमध्ये परतली. आज लेझरने एकसारखे ठिपके काढून देणारी दुकानं आहेत. तरीही काहीजण आयर्न तापवतात, कारण आपला अंगठा नेमका कुठे घसरतो हे त्यांच्याच हाताला ठाऊक असतं.