सव्वासात लाखांचे मताधिक्य : न्यूयॉर्क, १९३०

४ नोव्हेंबर १९३० रोजी न्यूयॉर्क राज्याच्या मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रँकलिन डी. रूझवेल्ट यांना दुसऱ्यांदा गव्हर्नरपदी निवडून दिले. त्यांना १७,७०,३४२ मते मिळाली. रिपब्लिकन पक्षाचे चार्ल्स टटल यांना १०,४५,३४१. हे अंतर ७,२५,००१ मतांचे होते. या राज्यात गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला तोवर एवढे मताधिक्य कधी मिळाले नव्हते. आधीचा उच्चांक अल स्मिथ यांचा होता. १९२२ साली ते पावणेचार लाखांहून थोड्या अधिक मतांनी निवडून आले होते. रूझवेल्ट यांनी तो जवळपास दुप्पट केला.

अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर हा भारतातल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. तो थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो, म्हणून त्याची तुलना मुख्यमंत्र्याशी करणे अधिक योग्य. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरची मुदत त्या काळी अवघी दोन वर्षांची असे. नवा गव्हर्नर कामाला लागून पहिले अंदाजपत्रक मांडतो न मांडतो, तोच पुढची निवडणूक दारात उभी राही. १९३० चा निकाल समजून घ्यायचा तर ही दोन वर्षेच तपासावी लागतात.

१९२८ मध्ये रूझवेल्ट यांना ही उमेदवारी नकोच होती. १९२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओने त्यांचे पाय निकामी केले होते आणि जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या उष्ण झऱ्यांवर त्यांचे उपचार चालू होते. मावळते गव्हर्नर अल स्मिथ त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते आणि न्यूयॉर्क राखण्यासाठी त्यांना आपल्या पक्षाच्या यादीत वजनदार नाव हवे होते. टेलिफोनवरून गळ घालून त्यांनी रूझवेल्ट यांना तयार केले. निकाल मात्र उलटा लागला. स्मिथ यांना आपल्याच राज्यात लाखभर मतांनी हार पत्करावी लागली आणि रूझवेल्ट जेमतेम २५,५६४ मतांनी तरले. एकूण मतदान बेचाळीस लाखांवर होते. त्या मानाने हा विजय केसाच्या अंतराने मिळालेला होता.

न्यूयॉर्कचे राजकारण तेव्हा दोन तुकड्यांत विभागलेले होते. न्यूयॉर्क शहर डेमोक्रॅटिक पक्षाचे, आणि शहराच्या उत्तरेला पसरलेला दूधदुभत्याचा, फळबागांचा आणि लहान गिरणगावांचा मोठा मुलूख रिपब्लिकन पक्षाचा. या मुलखाला तिकडे ‘अपस्टेट’ म्हणतात. राज्यातल्या ६२ कौंट्यांपैकी ५७ शहराबाहेर होत्या. डेमोक्रॅटिक उमेदवाराने शहरात आघाडी घ्यायची आणि अपस्टेटमध्ये ती किती गळते याची वाट पाहायची, हा तिथला नेम होता. विधिमंडळाची दोन्ही सभागृहे बहुतेक वेळा रिपब्लिकनांच्या हाती असत आणि अपस्टेटची बहुतेक वर्तमानपत्रेही त्याच पक्षाकडे झुकलेली होती. रूझवेल्ट यांनी पहिल्या दिवसापासून याच मुलखाकडे लक्ष वळवले, आणि सव्वासात लाखांचे खरे मूळ इथेच आहे.

पहिला प्रश्न शेतकऱ्याच्या करांचा होता. १९२९ ची मंदी यायच्या कितीतरी आधीपासून शेतमालाचे भाव पडलेले होते आणि जमिनीवरचा कर मात्र तसाच होता. हेन्री मॉर्गेंथाऊ (धाकटे) यांच्या अध्यक्षतेखाली गव्हर्नरने शेतीविषयक सल्लागार आयोग नेमला. त्याच्या शिफारशींवरून रस्तेबांधणीच्या खर्चाचा मोठा भार गावांच्या आणि कौंट्यांच्या अंगावरून उचलून राज्याने घेतला, त्यासाठी पेट्रोलवर कर बसवला आणि खेड्यांतल्या शाळांना वाढीव मदत दिली. रिपब्लिकन विधिमंडळालाही याला विरोध करणे जड गेले, कारण लाभ त्यांच्याच मतदारांना होता.

दुसरा प्रश्न विजेचा. सेंट लॉरेन्स नदीच्या पाण्यावर वीज करायची, तर ती खासगी कंपन्यांनी की राज्याने, हा वाद तिथे वर्षानुवर्षे चालला होता. नदी लोकांच्या मालकीची आहे, म्हणून तिच्यावरची वीजही सार्वजनिक मंडळानेच निर्माण करावी, ही रूझवेल्ट यांची भूमिका होती. १९३० च्या आरंभी विधिमंडळाने या योजनेच्या अभ्यासासाठी आयोग नेमायला मान्यता दिली, आणि तो गव्हर्नरचा मोठा विजय मानला गेला. हा रूक्ष विषय त्यांनी लोकांपर्यंत ज्या रीतीने नेला, ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. किलोवॅटचे हिशेब बाजूला ठेवून त्यांनी भाषणांत गृहिणीच्या स्वयंपाकघरातली इस्त्री, टोस्टर, वॅफल भाजायचे यंत्र अशी उपकरणे पुढे आणली. तीच उपकरणे सीमेपलीकडे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, जिथे वीज सार्वजनिक होती, किती कमी पैशांत चालतात हे त्यांनी सांगितले. महिन्याचे बिल भरणाऱ्या बाईला हे गणित लगेच कळले.

वर्तमानपत्रे विरोधात, तेव्हा रूझवेल्ट रेडिओकडे वळले. १९२९ पासून ते ठरावीक काळाने राज्यभर ऐकू जाईल असे भाषण करत. विधिमंडळाने एखादे विधेयक अडवून धरले की ते थेट घराघरांत बोलत, आणि त्यानंतर राज्याची राजधानी ऑल्बनीला आमदारांच्या नावे पत्रांचा पाऊस पडे. उन्हाळ्यात ते ‘इन्स्पेक्टर’ नावाच्या सरकारी बोटीने कालव्यांतून राज्याचा दौरा करत आणि वाटेतली इस्पितळे, तुरुंग, आश्रम पाहत. पायऱ्या चढून आत जाणे त्यांना शक्य नव्हते. ते काम त्यांच्या पत्नी एलेनॉर करत. भिंतीवर टांगलेली जेवणाची यादी वाचून त्यांना पुरेसे वाटत नसे. चुलीवरच्या भांड्यांची झाकणे उघडून आत खरोखर काय शिजते आहे ते त्या पाहत आणि नवऱ्याला सांगत. कारभाराकडे पाहण्याची ही शिस्त कोणत्याही कायद्याइतकीच मोलाची होती.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. मार्च १९३० मध्ये रूझवेल्ट यांनी बेकारीच्या प्रश्नावर एक समिती नेमली. त्याच वर्षी सत्तरीपुढच्या निराधार वृद्धांना मदत देणारा कायदा झाला. मदत तुटपुंजी होती, आणि त्या वेळेपर्यंत मंदीच्या खोलीचा अंदाज रूझवेल्ट यांनाही आला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. बेकारांसाठी राज्याने हात सैल सोडला तो निवडणुकीनंतर.

रिपब्लिकनांनी टटल यांना निवडले, कारण मॅनहॅटनचे सरकारी वकील म्हणून त्यांनी भ्रष्ट अधिकाऱ्यांविरुद्ध नाव कमावले होते. शहरात ‘टॅमनी हॉल’ या डेमोक्रॅटिक संघटनेची सत्ता होती. न्यायाधीशांच्या जागा विकल्या जात असल्याचे आरोप तेव्हा गाजत होते. ६ ऑगस्ट १९३० रोजी न्यायमूर्ती जोसेफ क्रेटर मॅनहॅटनमधून नाहीसे झाले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्यांची नेमणूक रूझवेल्ट यांनीच काही महिन्यांपूर्वी केली होती. टटल यांनी सारा प्रचार टॅमनीच्या भ्रष्टाचाराच्या या एका मुद्द्यावर उभा केला. गव्हर्नरने दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांची चौकशी सुरू करवली, ती माजी न्यायाधीश सॅम्युएल सीबरी यांच्याकडे गेली. पण टॅमनीशी उघड वैर मात्र त्यांनी टाळले. त्यांच्या कारकिर्दीची ही कच्ची बाजू होती, आणि टटल यांचा आरोप निराधार नव्हता.

तरी तो चालला नाही, याला एक कारण दारूबंदीचे आहे. टटल यांनी दारूबंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला, तर त्यांच्याच पक्षाचे उपगव्हर्नरपदाचे उमेदवार केलेब बॉम्स दारूबंदीचे समर्थक म्हणून ओळखले जात. अपस्टेटचे दारूबंदीवादी चिडले आणि त्यांनी रॉबर्ट कॅरोल नावाच्या प्राध्यापकांना वेगळे उभे केले. कॅरोल यांनी पावणेदोन लाखांहून अधिक मते खाल्ली. रूझवेल्ट यांनी बरीच वर्षे या प्रश्नाला बगल दिली होती. सप्टेंबर १९३० मध्ये सिनेटर वॅग्नर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी दारूबंदीची अठरावी घटनादुरुस्ती रद्द करण्याची बाजू घेतली आणि शहरी मतदार निर्धास्त झाला.

गव्हर्नरच्या प्रकृतीविषयीची कुजबुजही थांबली नव्हती. तिला उत्तर म्हणून ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांकडून तपासणी करवून ५,६०,००० डॉलरचा आयुर्विमा उतरवण्यात आला आणि ही बातमी सर्वत्र दिली गेली. शेवटच्या दिवसांत राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या सरकारने परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिमसन, युद्धमंत्री पॅट्रिक हर्ली आणि अर्थखात्याचे ऑग्डेन मिल्स यांना प्रचारात उतरवले. १ नोव्हेंबरला कार्नेगी हॉलमध्ये रूझवेल्ट यांनी आठवण करून दिली की हर्ली ओक्लाहोमाचे, न्यूयॉर्कशी त्यांचा संबंध नाही. उरलेल्या दोघांना याच मतदारांनी याच पदासाठी नाकारले आहे, स्टिमसन यांना १९१० मध्ये आणि मिल्स यांना १९२६ मध्ये.

निकालाच्या आकड्यांत एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. रूझवेल्ट यांची स्वतःची मते १९२८ च्या २१,३०,१९३ वरून साडेतीन लाखांहून अधिक घटली होती, कारण राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या वर्षी मतदान नेहमीच उतरते. रिपब्लिकन मते मात्र २१,०४,६२९ वरून निम्म्यावर आली. म्हणजे हा विजय जितका नव्या मतदारांनी दिला, त्याहून अधिक तो घरी बसलेल्या किंवा फुटलेल्या रिपब्लिकनांनी दिला. पण कॅरोल यांची सगळी मते टटल यांच्या पारड्यात टाकली तरी पाच लाखांहून अधिक अंतर उरतेच. मंदीचा राग देशभर होता, तो इथेही होता. तरी शहराबाहेरच्या कौंट्यांत रूझवेल्ट यांना मिळालेली सुमारे १ लाख ६७ हजारांची आघाडी केवळ रागाने मिळत नाही. त्या आघाडीमागे दोन वर्षांचे रस्ते, शाळा आणि विजेची बिले होती.

पक्षाचे राज्याध्यक्ष जेम्स फार्ली यांनी निकालानंतर लगेच निवेदन काढले की राष्ट्राध्यक्षपदाची पुढची उमेदवारी रूझवेल्ट यांना चुकवता येणार नाही. हे निवेदन त्यांनी रूझवेल्ट यांचे सल्लागार लुई हाउ यांच्याबरोबर बसून तयार केले होते. १९३१ मध्ये वीज मंडळाचा कायदा झाला आणि ऑगस्टच्या खास अधिवेशनानंतर बेकारांसाठी दोन कोटी डॉलरची राज्य मदतसंस्था उभी राहिली. सीबरी यांची चौकशी वाढत महापौर जिमी वॉकर यांच्यापर्यंत पोचली आणि सप्टेंबर १९३२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

नोव्हेंबर १९३२ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले; न्यूयॉर्कमध्ये त्यांना हूवर यांच्यावर सुमारे ५ लाख ९७ हजारांची आघाडी मिळाली, म्हणजे १९३० पेक्षा कमी. सव्वासात लाखांचा उच्चांक त्याच दिवशी मोडला, तो त्यांचे उपगव्हर्नर हर्बर्ट लेहमन यांनी. ते साडेआठ लाखांच्या आसपास मताधिक्याने गव्हर्नरपदी निवडून आले. गव्हर्नरची मुदत चार वर्षांची झाली ती १९३८ च्या निवडणुकीपासून.