आकृती कोणाच्या हाती?

मारुंजीहून हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक पत्र्याची टपरी आहे. पलीकडे संगणक कंपन्यांतील नोकरदारांचे मनोरे उभे आहेत. टपरीत आमच्या वस्तीतला विशीतला एक पोरगा मोबाइल दुरुस्त करतो. परवा तो एका तडकलेल्या फोनच्या पडद्यावर सर्किटची आकृती बघत होता. मी विचारले, "ही तुला कोणी दिली?" तो म्हणाला, "ओळखत नाही, काका. बाहेरच्या कुठल्या तरी कारागिराने टाकली आहे. फुकट." देणाऱ्याने घेणाऱ्याची जात विचारली नव्हती, आणि घेणाऱ्याला देणाऱ्याचे नावही ठाऊक नव्हते. मी स्वतः चाळीस वर्षे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. या देवाणघेवाणीला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपण कोठे आहोत हा प्रश्न त्या टपरीत मला पडला.

जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले. त्याच व्यवस्थेने हात आणि अक्षर यांचीही फारकत केली. कातडे कमावणे, दोर वळणे, लोखंड तापवणे ही सारी कौशल्ये होती. परंतु त्यांना ज्ञान म्हणण्याची येथे रीत नव्हती. बापाने मुलाला शिकवायचे, तेही सक्तीने. आणि ते लिहून ठेवण्याचे साधन मात्र दोघांनाही वर्ज्य. उलट ज्यांच्या हाती पोथी होती, त्यांना पान्याला हात लावणे कमीपणाचे वाटे. १९४२ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन दिले. त्यात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. केवळ नोकऱ्यांवर ते थांबले नाहीत. हात आणि अक्षर पुन्हा एकत्र आणल्याशिवाय सुटका नाही, हे त्यांनी ओळखले होते, असे मी मानतो.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला. हे काम बलुत्यात बसत नव्हते आणि कोणत्याही स्मृतीने ते कोणाला नेमून दिले नव्हते. शिवाय ट्रान्झिस्टर रेडिओ सेलवर चाले. ज्या वस्तीत विजेचा खांब पोचला नव्हता, तेथेही तो बोलू लागला.

आमचे दादा देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाली करीत. १९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्या गर्दीत ते होते. १९६८ साली त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक बंद पडलेला ट्रान्झिस्टर आणला. मागचे झाकण उघडले तर आत एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला, आणि त्यावर त्या संचाची सारी आकृती! त्या काळी अनेक संचांत असा कागद असे. मी तेरा वर्षांचा होतो. तो कागद मला वाचता येत नव्हता. पण तो कोणापासून लपवलेला नव्हता, एवढे कळले. बनवणाऱ्याने गृहीतच धरले होते की, कोणी तरी हा उघडील आणि नीट करील.

पुढे मी पुण्यातल्या एका दुकानात उमेदवारीला लागलो. मालकाने पहिल्या दिवशी आडनाव विचारले. मग दोन वर्षे मी झाकणे उघडली, धूळ पुसली, ग्राहकांच्या घरी संच पोचवले. खरा बिघाड शोधायची वेळ आली की ते माझ्याकडे पाठ करून बसत. दुकानात पाण्याचा माठ वेगळा नव्हता, ज्ञानाचा होता.

मला त्यातून बाहेर काढले ते छापील कागदाने. दिल्लीहून १९६९ पासून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे इंग्रजी मासिक निघू लागले होते. त्यात वाचकांनी पाठवलेली सर्किटे छापून येत. बुधवार पेठेतल्या दुकानांतून सुटे भाग घ्यायचे, शब्दकोश उघडायचा आणि रात्री कंदिलाखाली सोल्डर मारायचे. दूरच्या कोणा अनोळखी माणसाने आपली युक्ती सर्वांसाठी खुली केली होती. पण खुली कोणासाठी? इंग्रजी येणाऱ्यासाठी. दार उघडे होते. उंबरठा मात्र उंच होता.

अमेरिकेतही हा झगडा झाला आहे. १९७५ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्कला एका गॅरेजात हौशी मंडळींचा 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' भरला. स्टीव्ह वॉझ्नियाकने आपल्या संगणकाच्या आकृतीच्या प्रती तेथे वाटल्या. लगेच १९७६ साली बिल गेट्सने हौशी मंडळींना उघडे पत्र लिहून, आमचा प्रोग्राम फुकट का वापरता, असा जाब विचारला. ज्ञान वाटायचे की कुलूपबंद करायचे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. आपण एवढेच लक्षात ठेवावे की, दोन्ही पक्षांकडे बसायला गॅरेज होते.

आपल्या जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेने नापास ठरवलेली मुले तेथे हाताने काम करीत शिकू लागली. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे 'फॅब लॅब' उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. कोठेही केलेली रचना इतरांना शिकण्यासाठी खुली ठेवायची, हा या प्रयोगशाळांचा नियम आहे. हे काम मोठे आहे. तरीही एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हाताचे शिक्षण आपल्या पोरांना आणि बीजगणित पांढरपेशांच्या पोरांना, अशी वाटणी झाली, तर ती जुनीच व्यवस्था नव्या अवजारांनिशी परत आली असे होईल.

२००५ साली इटलीतील इव्ह्रेआ येथे 'आर्डुइनो' तयार झाले. त्याची आकृती सर्वांना खुली आहे. याच काळात फोन मात्र डिंकाने चिकटवून बंद होऊ लागले, आणि मागच्या झाकणातला तो पिवळा कागद नाहीसा झाला. दुरुस्त न होणारी वस्तू शेवटी भंगारात जाते. भंगार कोण वेचते? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात बहुसंख्येने दलित स्त्रिया आहेत, हा योगायोग नव्हे. तारा जाळून तांबे काढणारे आणि सर्किटची पाटी आम्लात बुडवणारे हात देशभर बहुधा तळच्या थरातलेच असतात. सरकारने २०२२ साली ई-कचऱ्याचे नवे नियम केले आणि दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही काढले. पण हक्क कागदावर आला म्हणून आकृती हाती येत नाही.

आणखी एक शब्द तपासून पाहा: जुगाड. मनोऱ्यातल्या माणसाने सुट्या भागांतून यंत्र जुळवले की ते संशोधन ठरते. टपरीतल्या पोराने जुळवले की जुगाड. हातचलाखीचे कौतुक करायचे आणि बुद्धीचे श्रेय नाकारायचे, ही युक्ती आपल्या ओळखीची आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की, प्रत्येक विहारात ग्रंथालयाशेजारी एक टेबल असावे. त्यावर सोल्डरिंगची लेखणी, मल्टिमीटर आणि उघडता येतील असे चार जुने संच. शिक्षकांनी आकृती मराठीत समजावून लिहाव्यात. आणि जो जे शोधील त्याने ते लिहून, खाली आपले पूर्ण नाव, आडनावासकट, घालून वाटावे.

टपरीतल्या पोराला मी हे सांगितले. आजवर त्याने घेतले खूप, दिले काहीच नव्हते. "मला कुठे लिहिता येतं, काका?" तो म्हणाला. मी वही घेऊन बसलो. त्याने बिघाड सांगितला, मी लिहून घेतला. दुसरा बिघाड त्याने स्वतः लिहिला.