सोंगाड्या पेनड्राइव्ह

फ्लॉपी जन्माला आली ती पत्रं, हिशेब किंवा खेळ साठवायला नव्हे, तर बंद यंत्र सुरू करायला. आयबीएमच्या सिस्टिम/३७० या कपाटाएवढ्या संगणकांसाठी प्रोसेसरच्या अगदी आतल्या सूचना, म्हणजे मायक्रोकोड, सेमीकंडक्टर मेमरीत ठेवायचं ठरलं. त्यात सोय मोठी होती. चूक सापडली की सूचना बदलता येणार होत्या. पण वीज गेली की मेमरी कोरी, आणि मग दर वेळी त्या सूचना भरायच्या कुठून? कॅलिफोर्नियात सॅन होजेला अ‍ॅलन शुगार्टच्या हाताखाली डेव्हिड नोबलकडे हे काम आलं. आधी टेप वापरून पाहायचा विचार झाला, तो सोडावा लागला. अखेर १९७१ मध्ये ८ इंची, लवचीक चुंबकी तबकडी बाहेर पडली. क्षमता सुमारे ८० केबी, आणि गिऱ्हाइकाने ती फक्त वाचायची, लिहायचं काही नाही. धूळ बसू नये म्हणून तिला आतून अस्तर लावलेलं पाकीट मिळालं. स्वस्त, हलकी, टपालाने पाठवता येण्याजोगी. तिच्यावर फायली ठेवण्याची कल्पना मागाहून आली.

तेव्हा आज दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह काढून ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ म्हणतो, तो फ्लॉपीचा मूळचाच धंदा चालवत असतो. मधल्या ५० वर्षांत या घराण्यात एक रीत पडली. नव्या माध्यमाला यंत्र ओळखत नाही, म्हणून त्याने जुन्याचं सोंग घेऊन दारातून आत शिरायचं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. डिस्कचं मात्र फार झकास आणता येतं.

मुळात अडचण काय, ते समजून घ्यायला हवं. प्रोसेसर मेमरीतल्या सूचना पाळतो. वीज सुरू झाली तेव्हा मेमरीत काही नसतं. डिस्कवरचा प्रोग्रॅम मेमरीत आणायला आधी डिस्क वाचणारा प्रोग्रॅम मेमरीत लागतो, आणि तोही डिस्कवरच असतो. जुने लोक ही गाठ बोटांनी सोडवत. यंत्राच्या दर्शनी फळीवर खटक्यांची ओळ असायची. एकेक खटका वर-खाली करून काही मोजक्या सूचना हाताने मेमरीत घालायच्या, त्या सूचना कागदी टेप वाचू लागायच्या, आणि टेपवरून खरा प्रोग्रॅम यायचा.

१९७५ मध्ये अल्टेअर ८८०० साठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी बेसिक भाषा लिहिली, तेव्हा त्यांच्याकडे प्रत्यक्ष अल्टेअर नव्हताच. दुसऱ्या मोठ्या यंत्रावर त्याची नक्कल करून त्यांनी काम उरकलं. अ‍ॅलन टेप घेऊन अल्बुकर्कीला प्रात्यक्षिकासाठी निघाला आणि विमान उतरायच्या बेतात असताना त्याच्या ध्यानात आलं की टेप वाचणारा तो चिमुकला आरंभीचा प्रोग्रॅम लिहायचाच राहून गेला आहे. तो त्याने तिथेच, विमानात, कागदावर खरडला. नंतर खटके दाबून यंत्रात घातला आणि तो चालला. मायक्रोसॉफ्टचा पाया असा विमानातल्या खरडीवर घातलेला आहे, हे कंपनीच्या पुढच्या कारभाराकडे पाहता मला अगदी शोभून दिसतं.

खटक्यांची जागा कायमस्वरूपी चिपने घेतली. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, त्यात बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम चिपमध्येच कोरलेला होता. त्याचं काम सरळ होतं. फ्लॉपीचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलायचा, मेमरीत ३१ केबीच्या खुणेपाशी नेऊन ठेवायचा आणि सूत्रं त्याच्या हाती द्यायची. तिथे काय लिहिलं आहे, याची बायोसने चौकशी करायची नाही. १९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली आणि या पहिल्या सेक्टरची वाटणी ठरली. ४४६ बाइट आरंभीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट डिस्कच्या चार भागांच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट निशाणीला. ही निशाणी म्हणजे ५५ आणि एए हे दोन आकडे. ते दिसले की सेक्टर खरा मानायचा. राजमुद्रेचा एवढा स्वस्त अवतार दुसरा सापडणार नाही.

या भाबड्या विश्वासाचा फायदा पहिल्यांदा कुणी घेतला असेल, तर लाहोरच्या अल्वी बंधूंनी. १९८६ चा ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला विषाणू मानतात. फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये तो घर करून बसायचा आणि त्यात भावांची नावं, दुकानाचा पत्ता, फोन नंबर असं सगळं रीतसर लिहिलेलं होतं. फ्लॉपी खोबणीत विसरून कुणी संगणक सुरू केला की झालं. बायोस विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढे ऑपरेटिंग सिस्टिम फुगत गेली. विंडोज ९५ फ्लॉप्यांवर घेतलं, तर १३ फ्लॉप्या यायच्या, आणि त्यासुद्धा नेहमीपेक्षा जास्त माहिती कोंबून भरलेल्या. बारावी खराब निघाली की आधीच्या अकरांची मेहनत पाण्यात. सीडी आली होती, तिच्यात साडेसहाशे एमबी मावत होते, पण बायोसला सीडी हा प्रकारच माहीत नव्हता. म्हणून गंमत अशी चालायची की सीडीवरचं विंडोज टाकायला आधी एक फ्लॉपी लागायची. फ्लॉपीने यंत्र सुरू करायचं, तिच्यावरच्या प्रोग्रॅमने सीडी ड्राइव्हची ओळख करून द्यायची, मग पुढचं.

यावर जानेवारी १९९५ मध्ये उतारा निघाला. फिनिक्स कंपनीचा कर्टिस स्टीव्हन्स आणि आयबीएमचा स्टॅन मर्किन यांनी एक तांत्रिक तपशील प्रसिद्ध केला आणि त्याला कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन धर्तीच्या रेस्टॉरंटचं नाव दिलं: एल टोरिटो. या कल्पनेचा जन्म तिथल्याच टेबलावर झाला, असं सांगतात. युक्ती अशी. सीडीच्या १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये एक चिठ्ठी ठेवायची. ती चिठ्ठी एका सूचीचा पत्ता सांगणार आणि सूची सांगणार की सीडीवर अमुक ठिकाणी एका अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा दडवलेली आहे. बायोसने त्या प्रतिमेलाच १.२, १.४४ किंवा २.८८ एमबीची फ्लॉपी समजून वागवायचं. ज्याला सोंग नको, त्याच्यासाठीही एक वाट ठेवली होती, पण सुरुवातीला लोकांनी पसंत केलं ते सोंगच. जुने प्रोग्रॅम फ्लॉपीच मागत होते, त्यांची समजूत घालणं सोपं पडे.

आता पेनड्राइव्हचं माहेर. त्याचे दोन जन्मदाते एकमेकांपासून फार दूर वाढले. एक जपानचा. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार. वीज गेली तरी मजकूर राहतो आणि मोठा तुकडा एका झटक्यात पुसता येतो. ते पुसणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं म्हणून एका सहकाऱ्याने नाव सुचवलं. कंपनीने आपल्या शोधाची कदर केली नाही म्हणून मासुओका पुढे कोर्टात गेले आणि २००६ मध्ये ८.७ कोटी येनवर तडजोड झाली. फ्लॅशवर चाललेला धंदा पाहिला, तर ही रक्कम चहापाण्याचीच म्हणायची.

दुसरा जन्मदाता म्हणजे यूएसबी. जानेवारी १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. सात कंपन्यांनी मिळून ती घडवली आणि इंटेलमध्ये त्या कामाच्या अग्रभागी होते अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंजिनियर झालेले. कीबोर्डला एक भोक, माउसला दुसरं, प्रिंटरला तिसरं, हा घोळ संपवणं एवढाच तिचा हेतू होता. साठवण तिच्या डोक्यात फारशी नव्हती. पहिल्या आवृत्तीचा वेगही बेताचा, सेकंदाला १२ मेगाबिट.

या दोघांचं लग्न कुणी लावलं, यावर कज्जे झालेले आहेत. इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने २००० मध्ये थंबड्राइव्ह विकायला काढला. त्याच वर्षअखेर आयबीएमने एम-सिस्टिम्सचाच ८ एमबीचा डिस्कऑनकी आपल्या नावाने विकला. ८ एमबी म्हणजे जेमतेम पाच-सहा फ्लॉप्या. पेनड्राइव्हशी बोलायचं कसं, याचे नियमही याच सुमाराचे, आणि त्या अधिकृत दस्तऐवजावर तारीख छापलेली आहे ३१ सप्टेंबर १९९९. पंचांगात नसलेल्या दिवशी ज्याचे नियम ठरले, त्याच्याकडून पुढे सोंगांचीच अपेक्षा ठेवावी.

तशी ती आलीही. २००० नंतरच्या दशकात बायोसच्या मेनूत यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी असे तीन पर्याय दिसू लागले. वस्तू एकच, पण तिने फ्लॉपी व्हायचं, आयोमेगाची झिप डिस्क व्हायचं की हार्ड डिस्क, ते आपण ठरवायचं. पेनड्राइव्हच्या पहिल्याच सेक्टरमध्ये भागांचा तक्ता असेल तर काही बायोस त्याला हार्ड डिस्क मानत, नसेल तर फ्लॉपी. झिपची तर वेगळीच तऱ्हा. खऱ्या झिप डिस्कवर तक्त्यातल्या चारपैकी शेवटच्या ओळीत नोंद असायची, म्हणून पेनड्राइव्हलाही पहिल्या तीन ओळी मोकळ्या सोडून चौथीत नाव लिहावं लागे. एका यंत्रावर चाललेला पेनड्राइव्ह शेजारच्या यंत्रावर ढिम्म बसे, त्याचं कारण बहुधा हेच. दुरुस्तीवाल्यांच्या हातात तेव्हा एचपीचं एक छोटं फॉरमॅट टूल असायचं. त्याने डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फायली टाकून पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे यंत्र सुरू करण्याजोगा, करता यायचा, आणि ते टूल वापरायला एचपीचाच पेनड्राइव्ह लागतो असंही नव्हतं.

लिनक्सच्या मंडळींनी मात्र यातून जी वाट काढली, ती मला या साऱ्या कुळकथेतली सर्वांत देखणी कारागिरी वाटते. सीडीच्या आयएसओ ९६६० या मांडणीत पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मोकळे सोडलेले असतात. सीडी वाचणारा तिकडे पाहतच नाही. उलट हार्ड डिस्क समजून वाचणारा बायोस नेमकं तिथेच, अगदी आरंभी, पाहतो. लिनक्स सुरू करून देणाऱ्या सिसलिनक्स या प्रोग्रॅमचा कर्ता एच. पीटर अ‍ॅन्विन याने २००८ मध्ये त्या मोकळ्या पडवीत हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर बसवून दिला. तो ५५-एए निशाणीसकट. सीडीची अख्खी प्रतिमा असलेली आयएसओ फाइल सीडीवर जाळली तर ती सीडी, पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली तर हार्ड डिस्क, आणि फाइल तीच. मग उतरवण्यासाठी युनिक्सची डीडी ही जुनी आज्ञा पुरेशी ठरली. फक्त डिस्कचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, तर पेनड्राइव्हऐवजी घरचे फोटो असलेली हार्ड डिस्क पुसली जाते आणि डीडी एका शब्दाने विचारत नाही.

अशा पेनड्राइव्हची गरज वाढवली ती लहान लॅपटॉपांनी. २००७ चा आसुसचा ई-पीसी, २००८ चा मॅकबुक एअर. दोघांतही सीडी ड्राइव्ह नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर पेनड्राइव्ह तयार करणारं स्वतःचं टूल दिलं. थोड्याच दिवसांत उघड झालं की त्यात जीपीएल परवान्याचा, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा, कोड शिरलेला आहे. बाहेरच्या कंत्राटदाराने तो घातला होता. कंपनीने चूक कबूल केली, टूल मागे घेतलं आणि डिसेंबरमध्ये त्याच जीपीएलखाली कोडसकट परत दिलं. लिनक्सशी हाडवैर मिरवणाऱ्या कंपनीवर विंडोज टाकण्याच्या साधनासाठीच ही वेळ यावी, यात काव्य आहे. डिसेंबर २०११ मध्ये पीट बटार्डचं रुफस आलं, तेही मुळात एचपीच्या त्या जुन्या टूलला पर्याय म्हणून. आज लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या गावात काय, दुरुस्तीवाल्याच्या संगणकावर ते सापडतंच.

दरम्यान बायोसचीच गच्छंती सुरू झाली होती. इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी आखलेली ईएफआय ही व्यवस्था पुढे सगळ्यांची झाली, यूएफईआय नावाने. ही पहिल्या सेक्टरच्या नादी लागत नाही. तिला फॅट मांडणी वाचता येते. पेनड्राइव्हवर ईएफआय नावाचं फोल्डर, त्यात बूट नावाचं, त्यात ठरल्या नावाची फाइल असली की ती तिला चालवते. म्हणजे आयएसओतल्या फायली फॅट३२ पेनड्राइव्हवर नुसत्या कॉपी केल्या, तरी काम भागायला हवं. पण फॅट मांडणी मार्क मॅकडोनल्डने १९७७ मध्ये बांधली ती ८ इंची फ्लॉपीसाठी. फॅट३२ तिचाच वाढवलेला वंश, आणि त्यात एका फाइलला ४ जीबीची वेस आहे. विंडोजची मुख्य फाइल ती ओलांडून बसली. रुफसने तोड काढली. मोठा भाग विंडोजच्या एनटीएफएस या मांडणीचा करायचा आणि शेवटी फॅटचा एक इवलासा भाग ठेवायचा. यूएफईआय आधी त्या चिमुकल्या भागात शिरते, तिथे तिला एनटीएफएस वाचण्याचं साधन मिळतं, मग ती मोठ्या भागाकडे वळते. २०२० मध्ये आलेल्या व्हेंटॉयने तर आयएसओ फाइल उघडायचीही गरज ठेवली नाही. चार-पाच सिस्टिमच्या फायली एका पेनड्राइव्हवर टाका, मेनूतून निवडा, आणि व्हेंटॉय त्या फाइललाच डिस्क म्हणून उभी करतं.

सोंगावर पहिला खरा आक्षेप आला तो २०१२ मध्ये, विंडोज ८ बरोबरच्या सिक्युअर बूटचा. आता यंत्र नुसती निशाणी पाहत नाही, आरंभीच्या प्रोग्रॅमवर ओळखीच्या चावीची डिजिटल सही मागतं, आणि बहुतेक लॅपटॉपांत ती चावी मायक्रोसॉफ्टची असते. त्यामुळे उबुंटू किंवा फेडोरा या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरही शिम नावाचा मायक्रोसॉफ्टच्या सहीचा एक छोटा मध्यस्थ बसवलेला असतो. या चावीच्या २०११ मध्ये दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ साली संपते आणि त्यांच्या जागी २०२३ ची नवी आली आहेत. ज्या जुन्या लॅपटॉपमध्ये नवं प्रमाणपत्र पोचलेलं नाही, तो निव्वळ नव्या सहीचा पेनड्राइव्ह नाकारू शकतो. अशा वेळी दुकानातला पोरगा एफ२ दाबून सेटिंगमध्ये शिरतो, सिक्युअर बूट बंद करतो आणि कामाला लागतो.