पेला त्याने स्वतः उचलला

कवीला व्यायामाचे काय पडले आहे, असे तुम्हाला वाटेल. माझ्या आपाचा मुलगा सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मला. आपा रोज त्याचे आखडलेले हातपाय धरून व्यायाम करून घ्यायची. तो रडायचा, मग तीही रडायची. हे व्यायाम आले कुठून, याचा शोध मी तेव्हापासून घेऊ लागलो.

लंडनचे डॉ. विल्यम लिटल स्वतः पायाने अधू होते. अवघड बाळंतपण आणि मुलांचे आखडलेले अवयव यांचा संबंध त्यांनी 1861 साली मांडला. पुढे बराच काळ उपचारांचा भर शस्त्रक्रिया आणि पट्ट्यांवर राहिला.

बर्लिनच्या व्यायामशिक्षिका बर्था बोबाथ नाझी राजवटीमुळे लंडनला आल्या. दोष स्नायूत नाही, मेंदूकडून येणाऱ्या हुकमात आहे, हे त्यांनी आणि त्यांचे डॉक्टर पती कारेल यांनी ओळखले. मुलाला कुठे, कसा आधार दिला म्हणजे हालचाल सोपी होते, हे ते शिकवू लागले. आपाला शिकवलेली पद्धत याच घराण्यातली.

तिकडे बुडापेस्टमध्ये महायुद्धानंतर डॉ. आंद्रास पेटो यांनी वेगळी वाट धरली. मुले गटाने बसत, आधी मोठ्याने बोलत, 'मी हात वर करतो', आणि एक ते पाच मोजत तो वर नेत. हालचालीला लय मिळे. इथे माझ्यातला कवी जागा झाला!

आपल्याकडे मिथू अलूर यांनी आपल्या मुलीच्या अनुभवातून 1972 साली मुंबईत संस्था काढून शिक्षण आणि उपचार एका छताखाली आणले.

ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक व सहकाऱ्यांनी 2013 साली 64 उपचारांचे पुरावे तपासले. बोबाथ किंवा पेटो, दोघांच्याही पद्धतीला त्यात मोठा कौल मिळाला नाही. मुलाला जे काम करायचे आहे, त्याच कामाचा त्याने स्वतः केलेला सराव मात्र उपयोगी ठरला.

आम्हाला हे उशिरा कळले. भाच्याला काय हवे, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामू, पाणी माझं मी पिणार." मग रोज पेला आणि मोजणी. कित्येक महिन्यांनी पेला ओठांना लागला. अर्धे पाणी सदऱ्यावर सांडले. आपा पुसायला उठली, तर तो म्हणाला, "राहू दे."