इंग्रजीतील अनेकवचनी षष्ठी : कानाला न कळणारा भेद

केंब्रिजचे क्वीन्स कॉलेज आणि ऑक्सफर्डचे द क्वीन्स कॉलेज यांच्या नावांतील 'क्वीन्स' हा शब्द कानाला एकच वाटतो. कागदावर मात्र तो दोन प्रकारे लिहिला जातो. ऑक्सफर्डचे महाविद्यालय १३४१ मध्ये तिसऱ्या एडवर्डची राणी फिलिपा हिच्या सन्मानार्थ स्थापन झाले. म्हणून तेथे अपॉस्ट्रॉफी हे चिन्ह अंत्य 'एस'च्या आधी येते. केंब्रिजचे महाविद्यालय १४४८ मध्ये अंजूच्या मार्गारेटने स्थापिले आणि १४६५ मध्ये एलिझाबेथ वुडव्हिलने त्याची पुनःस्थापना केली. राण्या दोन, म्हणून चिन्ह 'एस'च्या नंतर.

हा भेद प्राचीन व्याकरणाचा अवशेष असावा, असे सहज वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. प्राचीन इंग्रजीत 'राजा' या अर्थाच्या 'क्युनिंग' या नामाची 'क्युनिंगेस' ही एकवचनी षष्ठी, 'क्युनिंगास' हे प्रथमेचे अनेकवचन आणि 'क्युनिंगा' ही अनेकवचनी षष्ठी अशी तीन रूपे कानालाही वेगळी होती. मध्ययुगीन इंग्रजीत अंत्य स्वर क्षीण झाले, 'एस'कारान्त प्रत्यय सर्वत्र पसरला आणि तिन्ही कार्ये एकाच रूपाकडे आली.

अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आली ती सोळाव्या शतकात, फ्रेंच मुद्रणाच्या अनुकरणाने. आणि तीही केवळ गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून. १६२३ च्या फोलिओच्या मुखपृष्ठावर शेक्सपिअरच्या नावाची षष्ठी या चिन्हाविनाच छापलेली आहे. पुढे षष्ठीचा 'एस' म्हणजे 'हिज' या सर्वनामाचा संक्षेप, ही समजूत बळावली. १७११ मध्ये अ‍ॅडिसननेही ती मांडली. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात स्त्रीवाचक आणि समूहवाचक नामांची उदाहरणे देऊन ती खोडून काढली. 'एस'नंतर चिन्ह देऊन अनेकवचनी षष्ठी दर्शविण्याचा प्रघात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळू लागला आणि एकोणिसाव्या शतकात स्थिरावला. म्हणजे कानाने गमावलेला भेद मुद्रित पृष्ठाने डोळ्यांसाठी नव्याने घडविला.

तौलनिक अभ्यासकाला याचे महत्त्व आहे. मराठीत 'राणीचे' आणि 'राण्यांचे' यांतील भेद उच्चारातच आहे. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार मात्र राखला. त्यामुळे मराठी अनुवादकाला वचन संदिग्ध ठेवता येत नाही. सोळाव्या शतकातील चिन्हरहित मजकुरात 'लव्हर्स आइज' असे शब्द आले, तर ते डोळे प्रियकराचे की प्रियकरांचे, हे त्याला ठरवावेच लागते. आधुनिक आवृत्तीतील चिन्ह या प्रश्नाचे उत्तर देते खरे. परंतु ते उत्तर बहुधा संपादकाचे असते, कवीचे नव्हे. म्हणून अशा स्थळी अनुवादकाने प्रथम मूळ मुद्रित प्रत पाहावी आणि मगच वचनाचा निर्णय करावा.